मुलं बांगडा-तारलीला हात लावत नाहीत, काय करू? (बडोदा)

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मी मूळची मालवणची, लग्न होऊन बडोद्यात आले, लेक आठ वर्षांची आणि धाकटा चारचा. सासर सीकेपी, म्हणजे मासे खाणारंच, पण आमच्या घरात मासे म्हणजे पापलेट, सुरमई आणि कोलंबी. बांगडा आणला की सासूबाई नाक मुरडतात, तारली तर त्यांच्या हिशोबात मासाच नाही. मुलं तेच बघून शिकलीत. सुरमईची तुकडी मिटक्या मारत खातात आणि बांगडा ताटात दिसला की लेक "मम्मी मला नुसता वरणभात" म्हणून मोकळी, धाकटा तिचं बघून.

हे आत्ताच का डोक्यात आलं तर लेकीचं व्हिटॅमिन डी कमी निघालं. औषध सुरू आहे, पण डॉक्टर म्हणाल्या मासे खाताच ना, मग आठवड्यातून एकदोनदा तेलकट मासा द्या, डी पण मिळतं आणि ओमेगा-३ पण. शेजारची मैत्रीण म्हणते जवसाची चटणी दे, सगळं तेच असतं त्यात. तेच नसतं ना पण, जवसातल्या ओमेगा-३ पासून डीएचए (माशात तयार मिळतं ते ओमेगा-३) बनवायचं काम शरीराला करावं लागतं आणि ते फारच थोडं होतं. चटणी देतेच मी, पण बांगड्याची जागा ती कशी घेणार.

अडचणी सांगते. एक तर वास. आमच्या मजल्यावर सगळे जैन नाहीतर पटेल, माणसं खूप चांगली आहेत, कधी कोणी काही बोललं नाही, पण लेकीच्या मैत्रिणीने दारातच विचारलं "तारा घरमां शेनी वास आवे छे?" आणि तेव्हापासून लेक जास्तच बिथरलीये. दुसरं म्हणजे काटे, धाकट्याला काटा काढून द्यायचा तर माझं जेवण गार होतं. आणि तिसरं, इथे समुद्र कुठे आहे, माल वेरावळहून नाहीतर मुंबईकडून बर्फात येतो, तो मुलांना द्यायला बरा का हे कसं ओळखायचं? माहेरी कधी बघावंच लागलं नाही, आईच बघायची.

तिरफळं घालून केलेली बांगड्याची आमटी मी एकटीच खाते सध्या. कृपया "उपाशी ठेवा, आपोआप खातील" असे सल्ले नकोत, सासऱ्यांनी देऊन झालेत.

—

प्रतिसाद: ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं, कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. बांगडा आणि तारली बर्फाबाहेर राहिली तर त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते नंतर कितीही शिजवलं तळलं तरी जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर पुरळ येतं, लोक म्हणतात पोराला माशाची अॅलर्जी आहे आणि मासा कायमचा बंद. म्हणून डोळे चकचकीत, कल्ले लाल, दाबलं तर खड्डा न राहणारा असाच घ्यायचा, पोट फुटलेला बांगडा फुकट दिला तरी नको. घरी येईपर्यंत बर्फ हवाच, थर्माकोलचा डबा गाडीतच ठेवा. जून-जुलैत किनाऱ्यावर बंदी असते तेव्हा ताजा म्हणून कोणी विकत असेल तर जरा जपून, त्यापेक्षा सरळ फ्रोझन घ्या. घरच्या फ्रीझरमध्ये मात्र तेलकट मासा दोनतीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका, तेल खवट होतं आणि मग मुलं म्हणतात तो "वास" खरंच येतो.

—

प्रतिसाद: मी पण बडोद्याचीच, दांडिया बाजारात वाढलेली, तुमची व्यथा पूर्ण कळली 😄 वासाचं सांगते. तळू नका, निदान सुरुवातीला. सगळ्या बिल्डिंगला कळतं ते तळणामुळे, आमटीने नाही. मासा धुऊन मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ लावून पंधरा मिनिटं ठेवा, आंबटाने वास मारला जातो. आणि डोकी-आतडी कचऱ्यात टाकू नका हो, पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी कचऱ्याची गाडी आली की थेट तिच्यात. अर्धा वास तिथेच संपतो.

मुलांसाठी बांगडा हळद-मीठ घालून वाफवा, काटा काढा, आणि मधोमध जो काळपट लाल पट्टा असतो ना तो पहिल्या पहिल्यांदा काढूनच टाका. बांगडा सतत पोहतो म्हणून तो भाग तसा असतो आणि उग्र चव त्याचीच. उरलेल्याचं बटाटा, आलं-मिरची, कोथिंबीर घालून कटलेट, रव्यात घोळवून तव्यावर थोड्या तेलात. माझ्या मुलाला मी पावात घालून वर शेव टाकून देते, तो त्याला बांगडा दाबेली म्हणतो, मी काही दुरुस्त करत नाही. पण लपवून देऊ नका, एकदा कळलं की कटलेटवरचा विश्वासही जातो. लेकीला सांगूनच द्या, तिला काटे काढायला बसवा. नवी चव आठदहा वेळा समोर आली की मग कुठे पोरं तिला सरावतात.

—

प्रतिसाद: सुरमई खातात म्हणून निर्धास्त राहू नका एवढंच म्हणेन. मोठे शिकारी मासे लहान मासे खाऊन जगतात, पारा त्यांच्यात साचत जातो, मोरी (शार्क) तर मुलांना नकोच. बांगडा-तारली लहान, आयुष्य कमी, त्यामुळे पारा कमी आणि स्वस्त पण. रोहू-कटला इथे सगळीकडे मिळतात, चांगलेच आहेत, पण हे ओमेगा-३ त्यांच्यात बरंच कमी. आणि पावसाळ्यात भरूचचा पाला (हिलसा मासा) कोणी आणला तर मोठ्यांनी खावा, तेल भरपूर पण काटे इतके की चार वर्षांच्या पोराला देण्याची हिंमत मी करणार नाही. अजून एक, लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने सुरू करू नका, त्यात व्हिटॅमिन ए पण असतं, डीचं औषध चालू आहे तर डॉक्टरांना विचारूनच.

—

प्रतिसाद: काट्यांवर उपाय कुकर. तारली साफ करून, डोकी काढून, कांदा-टोमॅटो-आमसूल आणि थोडं व्हिनेगर घालून मंद आचेवर वीसपंचवीस मिनिटं. काटे इतके मऊ होतात की चावून खाता येतात, कॅल्शियम वर फुकट. आमच्याकडे भाताबरोबर कुस्करून देतो.

—

धागाकर्ती: सगळ्यांचे खूप खूप आभार, फ्रीझरमधल्या पिशवीची आयडिया तर मला सुचलीच नसती. लेकीला कटलेट थापायला बसवलं, हाताला वास येतो म्हणून कुरकुर केली पण स्वतः केलेलं म्हणून एक पूर्ण खाल्लं आणि सासूबाईंनी न विचारता दुसरं उचललं, त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. धाकट्याने फक्त रव्याची कड खाल्ली. रविवारी तारली कुकरला लावतेय. अर्धा किलोला व्हिनेगर किती?

—

प्रतिसाद: दोन चमचे पुरे. आमसूल असेल तर एकच, नाहीतर फार आंबट होईल आणि धाकटा तेवढंच निमित्त धरेल.