मालवण: स्नॉर्केलिंग सकाळी, गाणी संध्याकाळी

गाणी, जेवण आणि स्नॉर्केलिंग (मास्क-नळी लावून, पाण्यावर तरंगत खालचं बघणं) एकाच बोटीवर मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐका, स्नॉर्केलिंग वेगळं आणि गाणी-जेवण वेगळं ठेवा. स्नॉर्केलिंगला सकाळी लवकर, हलकं खाऊन जा. दुपारी वारा सुटला की पाणी ढवळतं, खालचं नीट दिसत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर प्रवाळ आहेत, १९८७ पासून इथं सागरी अभयारण्य आहे, तेव्हा त्यांवर पाय अजिबात टेकवू नका. पैसे देण्याआधी मास्क चेहऱ्याला लावून नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तरच घ्या. लाइफ जॅकेटचे पट्टेही ओढून बघाच, पोरं सोबत आहेत तुमच्या. गाण्यांसाठी देवबागला कर्ली नदीची खाडी छान, पाणी संथ असतं.