मदत हवी आहे: पानाला तारीखच नसेल तर इंडेक्समध्ये काय भरायचं?

मंडळी, आमच्या वाचनालयाच्या साइटसाठी छोटा सर्च बांधतोय. क्रॉलर (साइटवर फिरून पानं गोळा करणारा प्रोग्रॅम) घरचाच, इंडेक्स (शोधासाठीची सूची) सोलर या सर्च सॉफ्टवेअरमध्ये. साध्या एचटीएमएल फायलींना अपाचे वेब सर्व्हर लास्ट-मॉडिफाइड हेडर (पान शेवटचं कधी बदललं ते सांगणारी ओळ) आपणहून लावतो, पण पीएचपीची पानं तो पाठवतच नाहीत. तिथे माझ्या कोडने शून्य भरला आणि निकालात निम्मी पानं "१ जानेवारी १९७०, सकाळी ५:३०" अशी झळकली! साडेपाच कुठून आले ते कळायला अर्धा तास गेला. युनिक्सचा शून्य क्षण (१ जानेवारी १९७०, यूटीसीप्रमाणे मध्यरात्र), अधिक भारतीय वेळेचे साडेपाच तास.

मग क्रॉल केल्याची तारीख भरली. तर रोज रात्री सगळी जुनी पानं ताजी होऊन वर येऊन बसायला लागली, ते तर आणखी वाईट. आता रकाना रिकामा सोडून सॉर्टमिसिंगलास्ट (रिकाम्या नोंदी क्रमात शेवटी टाकणारं सोलरचं सेटिंग) लावलंय. क्रम सुधारला, पण "गेल्या वर्षभरातलं" असा फिल्टर लावला की ही पानं गायबच होतात.

मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठशासारखा छोटा कोड) ठेवून तो बदलला तरच तारीख पुढे सरकवायची, असं डोक्यात आहे. अडचण एकच: तळाशी "आजचे वाचक" असा आकडा आहे, त्यामुळे हॅश रोज बदलतो. हॅश काढण्याआधी पानाचा वरचा-खालचा ठरावीक भाग (हेडर-फूटर) छाटायला तुम्ही काय वापरता? आणि साइटमॅपमधल्या (साइटच्या पानांची यादी असलेली फाइल) लास्टमॉडवर, म्हणजे शेवटच्या बदलाच्या तारखेवर, कितपत विसंबायचं? आमचा साइटमॅप रोज नव्याने बनतो आणि सगळ्यांना आजचीच तारीख चिकटवतो, म्हणून विचारतोय.