मदत हवी आहे : मानीव अभिहस्तांतरण (विकसकाने जमीन करून न दिल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने ती सोसायटीच्या नावे होणे) प्रलंबित असलेल्या सोसायटीतील जुना फ्लॅट घ्यावा का?

पुण्यात भाड्याने देण्याच्या हेतूने एक जुना फ्लॅट घेण्याचा विचार आहे. सोसायटी नोंदणीकृत आहे, भोगवटा प्रमाणपत्र आहे आणि आधीच्या सर्व व्यवहारांची नोंदणीकृत करारपत्रे व इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातील व्यवहाराचा सारांश उतारा) मी पाहिले आहेत. बँकेच्या वकिलांचा शोध अहवालही स्वच्छ आला असून कर्ज मिळण्यास अडचण नाही. मात्र जमिनीच्या सातबाऱ्यावर अजूनही मूळ मालकाच्या वारसांचीच नावे आहेत. मोफा (महाराष्ट्र सदनिका मालकी) कायद्याच्या कलम 11 नुसार मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज केल्याचे सचिव सांगतात, परंतु अर्जाची प्रत दाखवत नाहीत. त्याच भूखंडावर विकसकाची आणखी एक इमारत मंजूर नकाशात दिसते आणि माझी खरी काळजी तीच आहे, कारण पुढे पुनर्विकासाच्या वेळी उरलेल्या चटई क्षेत्रावर (भूखंडावर अजून बांधता येणाऱ्या क्षेत्रावर) हक्क कोणाचा, हा वाद तिथूनच उभा राहू शकतो. दलाल ‘सगळीकडे असेच असते’ म्हणतो. मला ते पुरेसे वाटत नाही. टोकन अजून दिलेले नाही.

अशा व्यवहाराचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे : साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) करण्यापूर्वी सोसायटीकडून नेमकी कोणती कागदपत्रे लेखी मागावीत, आणि अभिहस्तांतरणाचा पुढील खर्च विक्रेत्याने सोसावा अशी अट साठेखतात घातल्यास ती व्यवहारात टिकते का?