ईबी-१ए साठी वकील सुचवा (टीबी संशोधन, बॉस्टन)

पोस्टडॉक_पंत: नमस्कार मंडळी. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर काम करतो, सध्या एच-१बी नोकरी-व्हिसावर. पेपर बऱ्यापैकी आहेत, जर्नलांसाठी रिव्ह्यूही करतो. ग्रीन कार्डासाठी ईबी-१ए, म्हणजे असामान्य कर्तृत्वाच्या जोरावरचा अर्ज, भरायचंय. वकिलासाठी ३००० डॉलरच्या वर एक छदाम नाही. कोण चांगलं?

जर्सीची_मावशी: ३००० मध्ये वकील फोनसुद्धा उचलत नाही रे. आमच्या जावयाने ११००० मोजले, पहिल्या फटक्यात मंजूर. हार्टवाला आहे तो.

खडूस: वकील करतो काय? शिफारसपत्रांचे मसुदे आपणच लिहायचे, पुरावे आपणच गोळा करायचे. माझ्या अर्जात चौथ्या पानावर मी अचानक पूल बांधणारा इंजिनियर झालो होतो. दुसऱ्या अशिलाचा मजकूर तसाच चिकटवलेला!

बाळ्या_एमएस: १० निकषांपैकी ३ बसवा, विषय संपला. लेख, रिव्ह्यू, मूळ योगदान. नाहीतर नोबेल आणा.

खडूस: विषय संपत नाही. २०१० च्या काझेरियन खटल्यातल्या कोर्टाच्या निकालापासून ३ बसले तरी पुढे सगळं एकत्र तोलून बघतात. नुसता सायटेशनचा आकडा देऊ नका, तुमची पद्धत कुठल्या लॅबने कशासाठी वापरली ते दाखवा. पत्रंही गाईडच्या मित्रांची नकोत, तुम्हाला कधी न भेटलेल्यांची हवीत. आणि शेवटी एकदा वकिलाच्या नजरेखालून घालाच.

मुठेकाठचा: जगातले पाव टीबी रुग्ण भारतात आणि संशोधक बॉस्टनला. परत या की!

बाळ्या_एमएस: पगार तुम्ही देणार का?

जर्सीची_मावशी: प्रीमियम कर हो, जादा फी भरून लवकर निकाल. जावयाने केलं होतं.

बाळ्या_एमएस: +१. १५ कामाच्या दिवसांत उत्तर.

चिंगी_डॅलस: उत्तर म्हणजे कार्ड नव्हे. आय-१४०, म्हणजे हाच अर्ज, मंजूर होईल, पण कार्डाची रांग जन्मदेशाप्रमाणे असते आणि जन्म भारतातला असेल तर ईबी-१ लाही ती आहेच. बायको कुठे जन्मली?

पोस्टडॉक_पंत: मस्कतला. सासरे तिकडे नोकरीला होते. का?

चिंगी_डॅलस: अहो मग तिच्या जन्मदेशाच्या खात्यात तुम्हालाही लागता येतं! पासपोर्ट भारतीय असला तरी. दोघांचे अर्ज सोबत ठेवा, तिचा मस्कतचा जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा.

बाळ्या_एमएस: माझी मुलगी इथेच जन्मली, मग मलाही चालेल?

चिंगी_डॅलस: नाही. बायकोचा चालतो, लेकराचा नाही.

मुठेकाठचा: मस्कतला मराठी मंडळ जोरात आहे म्हणतात.

पोस्टडॉक_पंत: धन्यवाद, चिंगीताईंचे विशेष. मालकाची सही लागत नाही, तेव्हा सगळं स्वतःच लिहून भरतोय. वकील नाही, नजरेखालून घालणं नाही, प्रीमियमही नाही. एच-१बी ची मुदत आहे अजून.

खडूस: निदान पत्रं तरी सांगितली तशी घ्या.

जर्सीची_मावशी: जावयाच्या वकिलाचा नंबर मेसेज केलाय. माझं नाव सांग.