नेट दोन-चार दिवस बंद पडलं तर काय तयारी ठेवायची?

प्रश्न (सातारकर_पुण्यात): मंडळी, हसू नका. परवा आमच्याकडे खोदकामात फायबर तुटली, अख्खी दुपार वायफाय नाही आणि मोबाईलचं नेट पण नाही. मी किराणावाल्यासमोर दूध-ब्रेड घेऊन उभा आणि खिशात एक रुपया नाही. शेवटी त्याने वहीत उधार मांडलं, नाव विचारलं, तेव्हा लक्षात आलं सहा वर्षं त्याच्याकडूनच सामान घेतोय पण ना त्याला माझं नाव माहीत ना मला त्याचं. हेच दोन-चार दिवस सगळीकडे झालं तर? आई-बाबा गावाला एकटेच असतात.

सुट्टेपैसे: कॅश ठेवा, पण नुसत्या पाचशेच्या नोटा नको, दहा-वीस-पन्नासच्या ठेवा, कारण त्या दिवशी सुट्टे कोणाकडेच नसणार. एटीएमच्या भरवशावर राहू नका, ते पण बँकेच्या लिंकवरच चालतं. आणि *९९# (फोनवरून हा नंबर डायल करून बँकेतले पैसे पाठवायची सोय) आत्ताच रजिस्टर करून ठेवा. नेट लागत नाही, फक्त मोबाईलचं नेटवर्क हवं, एका वेळी ५००० रुपयांपर्यंत जातात. पण पहिल्यांदा डेबिट कार्डचे शेवटचे सहा आकडे आणि एक्स्पायरी मागतात, आणीबाणीत कार्ड शोधत बसाल.

केबलवाला: एवढं घाबरायचं काम नाही हो. टोंगा या पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांच्या देशात जानेवारी २०२२ ला ज्वालामुखी फुटला आणि इंटरनेटची बाहेर जाणारी एकुलती एक समुद्राखालची केबल तुटली, पाच आठवडे गेले जोडायला. आपल्याकडे नेट मुंबई, चेन्नई, कोचीन असं तीन बाजूंनी येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदीतल्या जेद्दाहजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या तेव्हा आपलं नेट स्लो झालं, बंद नाही पडलं. खरी भीती लाइट जाण्याची, टॉवरच्या बॅटऱ्या काही तासच टिकतात, मग *९९# पण गेलं. सेलवरचा रेडिओ घ्या एक.

कुर्ला_ते_ठाणे: २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरात मी कुर्ल्यात अडकलेलो. मोबाईल मेलेला, रात्री एका पीसीओवरून घरचा लँडलाइन लावला, लागला, कारण नंबर पाठ होता. आज मला माझ्या मुलीचा नंबर पाठ नाही. कॅशबिश ठीक आहे पण आधी चार नंबर कागदावर उतरवा. आणि फोन लागलाच नाही तर कोणाच्या घरी जमायचं हे ठरवून ठेवा, त्या रात्री आमच्याकडे अर्धे लोक एकमेकांना शोधतच फिरत होते.

सातारकर_पुण्यात: थँक्यू सगळ्यांना. *९९# माझ्या सिमवर चाललंच नाही, बाबांच्या जुन्या सिमवर मात्र पहिल्या झटक्यात लागलं, तर ज्याने त्याने करून बघा. गावच्या भागाचा मॅप ऑफलाइन उतरवला. आता कालनिर्णयच्या मागे नंबर लिहायला बसलो, आईचा आठवला, आणि बायकोला तिचाच नंबर विचारला तर ती बघतच राहिली माझ्याकडे.