मदत हवी आहे: आईच्या सगळ्या औषधांचा आढावा फार्मासिस्टकडून कसा करून घ्यावा?

नमस्कार. माझी आई ७२ वर्षांची असून तिला मधुमेह, उच्च रक्तदाब आणि थायरॉइडचा त्रास बऱ्याच वर्षांपासून आहे. डॉक्टर तीन, चिठ्ठ्या तीन आणि गोळ्या दिवसाला नऊ. प्रत्येक डॉक्टर आपापल्या आजारापुरते नीट पाहतात, परंतु सगळ्या पट्ट्या एकत्र मांडून कोणी पाहिल्याचे मला आठवत नाही.

गेल्या महिन्यात औषधे घ्यायला गेलो असता फार्मासिस्टनी सहज विचारले, की थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी आई केव्हा घेतात. ती दोन्ही सकाळी उठल्याबरोबर एकाच घोटात घेत असे, म्हणजे एकदाचे सुटले. कॅल्शियममुळे लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, नीट शोषले जात नाही आणि दोहोंत चार तासांचे अंतर हवे, हे आम्हाला तेव्हा प्रथमच कळले. टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) खाली येत नाही म्हणून तोवर वर्षभरात दोनदा डोस वाढवून झाला होता! त्यांनी पुढे गुडघेदुखीचेही विचारले. त्यासाठी ती अधूनमधून आयबुप्रोफेन घेते, तेही स्वतःच्या मनाने. टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी आणि लघवीची गोळी चालू असताना ते घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो व मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, असे त्यांनी सांगितले. जी गोळी कोणत्याच चिठ्ठीवर नाही, ती डॉक्टरांना दिसणार तरी कशी?

ही चौकशी योगायोगाने झाली. ती दर तीन महिन्यांनी, एचबीएवनसीच्या (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेच्या) तपासणीच्या सुमारास, ठरवून करून घ्यायची असल्यास फार्मासिस्टकडे काय काय न्यावे? चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल आणि घरी मोजलेल्या रक्तदाबाची वही एवढे पुरेल, की घरातल्या सगळ्या पट्ट्याच पिशवीत घालून न्याव्यात?

दुसरी अडचण जरा नाजूक आहे. डोस बदलणे हे डॉक्टरांचेच काम, याबद्दल माझे दुमत नाही. उलट आता गोळ्यांमध्ये अंतर ठेवल्यावर वाढवलेला डोस जास्त होणार नाही ना, हे त्यांनीच सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून ठरवायला हवे. परंतु मी फार्मासिस्टचे नाव काढताच एका डॉक्टरांनी, ‘दुकानदाराचे कशाला ऐकता?’ असे म्हणून विषय संपवला. अशा वेळी फार्मासिस्टकडून दोन ओळी लेखी घ्याव्यात, की त्यांनीच थेट डॉक्टरांशी बोलावे अशी विनंती करावी? येथील फार्मासिस्ट आणि डॉक्टर सदस्यांना यातले काय रुचेल?