बर्गंडियन, अ‍ॅटिला आणि डीट्रिश: वीरकाव्यांतून इतिहास काढता येतो का?

जुनी पोथी (धागाकर्ता):
मध्ययुगीन जर्मन वीरकाव्यांचा इतिहासाचे साधन म्हणून काडीचाही उपयोग नाही, असे माझे मत आहे आणि कोणी ते खोडून काढावे यासाठीच हा धागा काढत आहे. गॉथांचा राजा एर्मानारिक हूणांच्या पहिल्या धडकेत, इ.स. ३७५ च्या सुमारास मेला. अ‍ॅटिला हा हूणांचा राजा ४५३ मध्ये मेला. आणि ऑस्ट्रोगॉथांचा थिओडोरिक जन्मला तोच मुळी ४५४ च्या आसपास. काव्यांत मात्र थिओडोरिकचा 'डीट्रिश फॉन बेर्न' होतो, एर्मानारिक त्याचा दुष्ट काका बनून त्याला इटलीतून हाकलून देतो आणि अ‍ॅटिला, म्हणजे तिथला 'एट्झेल', त्याला आसरा देतो. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे एका पंगतीला बसवली आहेत. कालगणनेची चूक एक वेळ सोडून देऊ, पण घटनाच उलटी केली आहे त्याचे काय? ४८९ मध्ये सम्राट झेनोच्या संमतीने इटलीवर चालून गेला तो थिओडोरिक, आणि ४९३ मध्ये राव्हेन्नात तह होऊन पंधरवडाही लोटला नसताना मेजवानीत इटलीचा राजा ओडोआकर याला स्वतःच्या हाताने कापले तेही त्यानेच. नवव्या शतकात एका धार्मिक पोथीच्या कोऱ्या पानांवर कोणीतरी उतरवून ठेवलेल्या 'हिल्डेब्रांटलीड' या जुन्या जर्मन काव्यात मात्र हाच माणूस ओडोआकरच्या द्वेषामुळे पूर्वेकडे परागंदा झालेला दिसतो.

रेवातीर:
असहमत. आपण काव्यांतल्या चुका मोजल्या. टिकून राहिले काय, ते मोजलेच नाही. सुमारे १२०० मध्ये रचलेल्या 'निबेलुंगनलीड'मध्ये ऱ्हाइनकाठच्या व्होर्म्सचे गुंथर आणि गीझेलहेर हे बर्गंडियन टोळीचे राजबंधू हूणांच्या दरबारी जाऊन सगळ्या सैन्यासह मारले जातात. इ.स. ५०० च्या आसपासच्या बर्गंडियन कायदेसंहितेत राजा गुंडोबाद आपल्या पूर्वीच्या राजांची नावे घेतो, त्यांत गुंदाहार आहे आणि गीस्लाहारही आहे. हाच गुंदाहार आपल्या लोकांसह हूणांकडून नष्ट झाला, हे पाचव्या शतकातला वृत्तांतकार प्रॉस्पर सांगतो. ही गोष्ट ४३६-३७ ची. साडेसातशे वर्षांनंतर, मधल्या काळात ते राज्य नामशेष होऊन उरलेली टोळी रोननदीच्या खोऱ्यात स्थायिक झालेली असताना, राजांची नावे आणि त्यांच्या नाशाचे कारण लोकांच्या तोंडी शिल्लक राहिले असेल, तर त्याला काडीचाही उपयोग नाही असे कसे म्हणता येईल?

डीट्रिशबद्दलही घाई नको. थिओडोरिकचा बाप थिउडिमेर ४५१ च्या काटालाउनियन मैदानावरील लढाईत अ‍ॅटिलाच्या बाजूने लढला, असे सहाव्या शतकातला गॉथांचा इतिहासकार योर्डानेस लिहितो. डीट्रिशच्या बापाचे काव्यांतले नाव डीटमार आहे. मुलगा अ‍ॅटिलाच्या पदरी नव्हता, बाप होता. परंपरेने एक पिढी गाळली, एवढेच.

जुनी पोथी:
एवढेच? आपण जे शोधून दाखवले ते सगळे प्रॉस्पर, योर्डानेस आणि कायदेसंहिता हाताशी होती म्हणून सापडले. हे तिन्ही ग्रंथ जळून गेले असते, तर गुंथर खरा आणि त्याच काव्यातला नायक सीगफ्रीड खोटा, हे आपण कशाच्या आधारे ठरवले असते? सीगफ्रीड म्हणजे इ.स. ९ मध्ये व्हारुसच्या रोमन फौजा बुडवणारा आर्मिनियस, असे काहींनी मांडून पाहिले. काहींनी ५७५ मध्ये खून झालेल्या फ्रँक राजा सीगिबर्टला पुढे केले, कारण त्याच्या राणीचे नाव ब्रुनहिल्डा होते. दोन उमेदवारांत साडेपाचशे वर्षांचे अंतर आहे आणि काव्य दोघांनाही हरकत घेत नाही. ज्याची खूण पटवायला दर वेळी दुसरा साक्षीदार आणावा लागतो, त्याला साक्षीदार म्हणता येत नाही.

ओसरी:
दोघेही काव्याला एकच प्रश्न विचारत आहेत, तो म्हणजे 'काय घडले?'. माझ्या मते 'कोणाला काय आठवणीत ठेवायचे होते?' हा प्रश्न अधिक फलदायी आहे. ४४९ मध्ये पूर्व रोमन वकिलातीबरोबर गेलेला प्रिस्कस अ‍ॅटिलाच्या मेजवानीचे वर्णन करतो: पाहुण्यांना चांदीची ताटे आणि सोन्याचांदीचे चषक, अ‍ॅटिलापुढे मात्र लाकडी थाळीत नुसते मांस आणि लाकडी पेला. अंधार पडल्यावर दोघांनी पुढे येऊन त्याच्या विजयांची स्वतः रचलेली गाणी म्हटली आणि ती ऐकून म्हातारे योद्धे रडले. पुढे विदूषकांवर सारा दरबार हसत असताना हा मख्ख बसला होता. धाकटा मुलगा एर्नाक आला तेव्हाच काय तो त्याचा चेहरा सैल झाला. म्हणजे अ‍ॅटिला जिवंत असतानाच त्याचे काव्य सुरू झाले होते, आणि ऐकणाऱ्यांत त्याच्या पदरचे जर्मन सरदारही असणार. 'निबेलुंगनलीड'मधला उदार, शेवटी प्रेतांच्या राशीत रडणारा एट्झेल अशाच लोकांच्या आठवणीतून आला असावा. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन काव्यांतला आत्ली (तोच एट्झेल) मात्र सोन्यासाठी गुन्नारला (म्हणजे गुंथरला) सापांच्या खड्ड्यात टाकणारा लोभी राजा आहे. एकाच माणसाच्या या दोन मूर्ती दोन निरनिराळे अनुभव सांगतात.

जुनी पोथी:
आकर्षक आहे, पण 'असणार' आणि 'असावा' यांवर उभे आहे. नॉर्स कथेत गुन्नारची बहीण आणि आत्लीची बायको गुडरून आत्लीला ठार मारते. खरा अ‍ॅटिला इल्डिको नावाच्या नव्या वधूशी लग्न झाल्याच्या रात्री नाकातून रक्तस्राव होऊन मेला, असे प्रिस्कसच्या आधारे योर्डानेस सांगतो. तर त्याच सहाव्या शतकातला वृत्तांतकार मार्सेलिनस एका बाईने सुरा खुपसला असे लिहून मोकळा होतो. काव्याने यांतली अफवा उचलली. त्यात अनुभव कसला?

रेवातीर:
अफवाही कोणाला तरी हवी होती, म्हणूनच टिकली. आणि साक्षीदार म्हणून नको असेल तर आरोपी म्हणून तरी काव्याची जबानी घ्या. 'निबेलुंगनलीड'मध्ये पिलग्रीम नावाचा पासाऊ या डॅन्यूबकाठच्या शहराचा बिशप या बर्गंडियन राजांचा मामा म्हणून वावरतो. खरा पिलग्रीम ९७१ ते ९९१ या काळात त्या गादीवर होता, म्हणजे गुंदाहारनंतर पाच शतकांहून अधिक काळाने. काव्य रचले जात होते त्या सुमारास पासाऊला वोल्फगर बिशप होता आणि त्याच्या पदरी कवींना आश्रय मिळत असे. आपल्या गादीवरचा जुना बिशप पाचव्या शतकातल्या राजांचा मामा झालेला कोणाला आवडला असेल, हे ओळखायला प्रॉस्परची गरज नाही. पाचव्या शतकाबद्दल ही नोंद निरुपयोगी आहे, हे मान्य. १२०० च्या पासाऊबद्दल मात्र इतकी बोलकी नोंद कोणत्या दानपत्रात सापडते, ते धागाकर्त्यांनी दाखवावे.